डेअरीगणिक एक ब्रँच: गिटच्या साफसफाईच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) घ्यायचं, दरपत्रकातून दर काढायचा आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल छापायचं. कोडचा पसारा मोठा नाही. पसारा आहे तो गिटमधल्या ब्रँचेसचा. गिट कोडच्या बदलांची वही ठेवतं आणि ब्रँच म्हणजे त्याच कोडची समांतर चालणारी वाट. आज सर्व्हरवर मोजल्या, १४३ भरल्या. त्यातल्या १९ एकेका डेअरीच्या नावाच्या.

हे असं का झालं ते उघड आहे. पहिल्या डेअरीचं दरपत्रक वेगळं निघालं, म्हणून तिची ब्रँच काढली. दुसरीला बिलावर बैठकीचा शेरा हवा होता, म्हणून दुसरी काढली. पुढे २०२४ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं आणि जनावराचा टॅग नंबर व बँक खातं जोडून याद्या पाठवायची वेळ आली. तेव्हा एकच बदल एकोणीस ठिकाणी चेरी-पिक करावा, म्हणजे तेवढाच उचलून बसवावा लागला. तो काही ठिकाणी नीट बसला, काही ठिकाणी अर्धा. सपोर्टच्या ताई तेव्हापासून म्हणतायत, "अहो, मागच्या महिन्यात मिटवलेलं पुन्हा दुसऱ्या डेअरीतून कसं येतं?"

कमांड खाली बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. डेअऱ्यांच्या जागी भलत्याच तालुक्यांची नावं टाकली आहेत.

आज काहीही उडवलं नाही, फक्त यादी केली:

गिट एलएस-रिमोट --हेड्स ओरिजिन > यादी-०३-मार्च

ओरिजिन म्हणजे आपला सर्व्हर. यात प्रत्येक ब्रँचचं नाव आणि तिच्या टोकाच्या कमिटचा, म्हणजे शेवटच्या नोंदवलेल्या बदलाचा, पूर्ण हॅश (ओळखक्रमांक) येतो. ही फाइल आधी करून ठेवायचं कारण असं की आपल्या मशिनवरची ब्रँच पुसली तर गिट 'ही अमुक हॅशवर होती' असं सांगतं, पण सर्व्हरवरची पुसली तर नुसतं 'डिलीटेड' छापतं. हॅश दाखवत नाही.

शिवाय गिट क्लोन --मिरर करून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली. या प्रतीत एक खड्डा आहे. मिरर क्लोनमधून कुणी सहज गिट पुश मारलं (पुश म्हणजे आपले बदल सर्व्हरवर पाठवणं), तर ते सगळी रेफरन्सेस (ब्रँच-टॅगची नावं) जशीच्या तशी सर्व्हरवर लादतं, तेही जबरदस्तीने. म्हणजे पुसलेल्या सगळ्या ब्रँचेस परत येतील आणि मेन ही मुख्य ब्रँच मागे जाईल. म्हणून तिचा पुशचा पत्ताच बिघडवून ठेवला:

गिट रिमोट सेट-यूआरएल --पुश ओरिजिन नको

आता पुश केलं तर 'नको' नावाची रिपो (कोडचा साठा) सापडत नाही म्हणून गिट थांबतं.

४ मार्च, मंगळवार

जुन्या ब्रँचेस आधी काढाव्यात म्हणून तारखेने लावल्या: गिट ब्रँच -आर --सॉर्ट=कमिटरडेट. निकाल निरुपयोगी. जवळजवळ सगळ्याच ब्रँचेस ताज्या दिसतात, कारण अनुदानाच्या वेळी कुणीतरी मेन सगळ्यांत मर्ज करून, म्हणजे मिसळून, टाकली होती. टोकाचा कमिट नवा, आतलं काम जुनं.

उपयोगी पडलं ते हे:

गिट लॉग मेन..ओरिजिन/नाव --नो-मर्जेस --फॉरमॅट='%एआर %एएन %एस'

मेनमध्ये नसलेले, आणि मर्जचे नसलेले, असे कमिट दिसतात. यात काहीच आलं नाही तर ब्रँच रिकामी. आलं तर कुणाचं, केव्हाचं आणि काय ते एका ओळीत कळतं. लूप लावून सगळ्यांचं काढलं आणि स्प्रेडशीटमध्ये टाकलं. लेखकाच्या रकान्यात नोकरी सोडून गेलेल्यांची नावं बरीच.

५ मार्च, बुधवार

गिट ब्रँच -आर --मर्ज्ड ओरिजिन/मेन ने मेन सोडून ३१ ब्रँचेस दिल्या. अपेक्षा शंभराच्या आसपासची होती.

मधल्या काळात आम्ही पुल रिक्वेस्ट (ब्रँच मेनमध्ये घेण्याची विनंती) स्क्वॉश करून घेत होतो. म्हणजे ब्रँचवरच्या सात कमिटचा एकच नवा कमिट होऊन मेनवर पडायचा. काम आत आलं, पण गिटच्या दृष्टीने ते सात कमिट मेनच्या वंशावळीत नाहीतच. --मर्ज्ड फक्त वंशावळ बघतं, आतला मजकूर बघत नाही.

सकाळ गिट चेरी मध्ये गेली. तिच्यात मेनमध्ये आलेल्या बदलापुढे उणे आणि न आलेल्यापुढे अधिक लागतं. पण ती एकेका कमिटचा बदल एकेका कमिटशी ताडून बघते. सातांचा एक झाला असेल तर सातांपुढेही अधिक. एकाच कमिटच्या ब्रँचेस तेवढ्या सापडल्या.

दुपारी जुनी युक्ती लावली. गिट मर्ज-बेस ने फाटा फुटला तो कमिट काढायचा. मग गिट कमिट-ट्री ला ब्रँचची आताची ट्री (सगळ्या फाइलींची आताची स्थिती) आणि पालक म्हणून तो कमिट द्यायचा. सगळी ब्रँच गुंडाळलेला एक तात्पुरता कमिट तयार होतो, कुठल्याही ब्रँचला न चिकटलेला. त्या कमिटवर गिट चेरी चालवायची. उणे आलं तर ते काम मेनमध्ये स्क्वॉश होऊन आलेलं आहे. अशा आणखी ४६ निघाल्या.

ही चाळणी पूर्ण नाही. स्क्वॉश करताना कुणी कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) सोडवला असेल किंवा जाता जाता एखादी ओळ सुधारली असेल तर जुळत नाही आणि अधिकच येतं. पण चूक या बाजूची चालते. ठेवायची नाही ती राहते, ठेवायची ती जात नाही.

६ मार्च, गुरुवार

पहिला हात फिरवला. ३१ आणि ४६, एकूण ७७ गेल्या.

पुसण्याची यादी थेट पाइपने एक्सआर्ग्स ला (यादीतल्या नावांवर कमांड चालवणारं साधन) दिली नाही. आधी फाइलमध्ये काढली, डोळ्यांखालून घातली, मग त्या फाइलवरून गिट पुश ओरिजिन --डिलीट. जालावर सगळीकडे मिळणाऱ्या एकओळी नुस्ख्यात ग्रेप -व्ही मेन असतं. ते मेन वाचवतं, पण नावात कुठेही 'मेन' ही अक्षरं असलेलं सगळंच वगळतं. आमच्याकडे 'मेन्टेनन्स'ने सुरू होणाऱ्या चार होत्या.

आपल्या मशिनवरची ब्रँच पुसणाऱ्या गिट ब्रँच -डी बद्दल एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण तिच्यावर फार विसंबलं जातं. छोटा डी 'मर्ज न झालेली ब्रँच पुसत नाही' असं आपण म्हणतो. पण तो आधी बघतो तो अपस्ट्रीम, म्हणजे सर्व्हरवरची त्याच नावाची ब्रँच. काम पुश झालेलं असेल तर मेनमध्ये आलेलं नसलं तरी छोटा डी एक इशारा छापतो आणि पुसून मोकळा होतो. मग मागून सर्व्हरवरचीही पुसली की संपलं. म्हणून क्रम ठरवला: कुठलीही ब्रँच आधी यादीत तपासल्याशिवाय दोन्हीकडून एकाच दिवशी काढायची नाही.

संध्याकाळी 'अनुदान/टॅग-नंबर' अशी नवी ब्रँच सर्व्हरवर गेली आणि तिघांचं फेच (सर्व्हरवरचं ताजं खाली आणणं) अडलं. रेफरन्स लॉक करता येत नाही अशी तक्रार. 'अनुदान' नावाची जुनी ब्रँच आज सर्व्हरवरून गेली होती, पण तिची सावली प्रत्येकाच्या मशिनवर तशीच होती. ब्रँच म्हणजे शेवटी डॉट-गिट मधली हॅश लिहिलेली एक छोटी फाइल, आणि 'अनुदान' ही फाइल असताना त्याच नावाचं फोल्डर बनू शकत नाही. गिट रिमोट प्रून ओरिजिन केलं, म्हणजे अशा सावल्या छाटल्या, की सुटतं. सगळ्यांच्या मशिनवर फेच.प्रून ट्रू करून टाकलं, पुन्हा फोन यायला नकोत.

७ मार्च, शुक्रवार

न जुळलेल्यांपैकी ३३ ब्रँचेस अर्धवट सोडलेल्या. कुणाचा मोबाइल ॲपचा प्रयोग, कुणाचा एसएमएसचा. प्रत्येकीच्या टोकावर 'जुनं/नाव' असा टॅग (कमिटला चिकटवलेलं नाव) लावून टॅग पुश केले आणि ब्रँच काढली. टॅग रोजच्या ब्रँचच्या यादीत तडमडत नाहीत आणि कमिटही कचऱ्यात जात नाहीत. पहिल्या यादीतल्या आता उरल्या ३३: मेन, डेअऱ्यांच्या १९ आणि चालू कामाच्या १३.

१० मार्च, सोमवार

चालू कामाच्या तेरांत 'शेतकऱ्यांची-यादी' दोनदा. नाव तेच, हॅश वेगळे. एकाच रिपोत एकाच नावाच्या दोन ब्रँचेस असूच शकत नाहीत, म्हणजे नाव एक नाही.

गिट फॉर-इच-रेफ चं (ब्रँचची नावं छापणारी कमांड) आउटपुट बाइट दाखवणाऱ्या एक्सएक्सडी मधून काढलं तेव्हा उलगडा झाला. एकात 'ऱ्या' लिहिताना ऱ हे नुक्त्याचं अक्षर वापरलंय: ई० ए४ बी१, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, ई० ए४ बी०, मग हलन्त, आणि मधे ई२ ८० ८डी. हा झिरो विड्थ जॉइनर, न दिसणारं जोडचिन्ह. दोघांच्या कीबोर्डची मांडणी वेगळी, एकाचा इन्स्क्रिप्ट, दुसऱ्याचा फोनेटिक. पडद्यावर दोन्ही र-काराची तीच पळी. गिटला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात, आणि दोन्ही नावं त्याच्या नियमांत बसतात. गिट चेक-रेफ-फॉरमॅट ने दोन्हींना हिरवा कंदील दिला.

नुसता घोळ नव्हता, कामही फाटलं होतं. एक जण एका यादीवर आधार क्रमांकाची पडताळणी टाकत होता, दुसरी त्याच यादीच्या छपाईवर होती. दोघंही समजत होते की आपण एकाच ब्रँचवर आहोत आणि समोरचा पुश करत नाहीये. मर्ज करायला अर्धा तास लागला, त्याआधीची धुसफूस वेगळी.

नाव टाइप करून पुसायला गेलो तर कुठली जाईल सांगता येत नव्हतं. पुसताना हॅशवरून नाव शोधलं आणि तेच कॉपी करून दिलं.

मराठी नावांचा मला लळा आहे आणि कमिटचे संदेश मराठीतच राहतील. ब्रँचच्या नावांना मात्र आजपासून रोमन छोटी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच. 'र्‍या' आणि 'ऱ्या'चा तंटा मी एकटा मिटवू शकत नाही.

११ मार्च, मंगळवार

बिलाचा दिवस. रिपोला हात नाही.

१२ मार्च, बुधवार

आता खरं काम, डेअऱ्यांच्या एकोणीस ब्रँचेस. सांगोल्यापासून सुरुवात. गिट डिफ मेन...सांगोला, तीन टिंबांनी, म्हणजे फाटा फुटल्यापासून त्या ब्रँचने काय बदललं ते. उत्तर: जवळजवळ प्रत्येक फाइलची प्रत्येक ओळ.

विंडोजवरच्या कुठल्यातरी एडिटरने ओळींचे शेवट बदललेत. --इग्नोर-सीआर-ॲट-इओएल लावल्यावर तोच फरक साठेक ओळींवर आला. सगळ्या १९ चे फरक असे पुन्हा काढले. मेनमध्ये डॉट-गिटॲट्रिब्यूट्स टाकून ओळींचे शेवट एकसारखे केले, आणि मर्ज करताना -एक्स रीनॉर्मलाइज. हे आधी न करता मर्ज सुरू केलं असतं तर प्रत्येक फाइल कॉन्फ्लिक्टमध्ये गेली असती.

१३ मार्च, गुरुवार

एकोणीसांतल्या अकरांत फरक आहे तो फक्त दरपत्रकाच्या आकड्यांचा. हे कोड नाहीच. आकडे कोडमध्ये लिहिले म्हणून ब्रँच लागली. दरपत्रक आता डेअरीच्या मशिनवर वेगळ्या फाइलमध्ये, गिटच्या बाहेर.

उद्या धुळवड. सोमवारी पुढे.

१७ मार्च, सोमवार

उरलेल्या आठांत खरा फरक आहे. त्यातला सगळ्यात त्रासदायक फक्त एका ओळीचा. मर्ज करताना हे समोर आलं:

<<<<<<< हेड
फॅट = राउंड(फॅट, १)
=======
फॅट = फ्लोअर(फॅट * १०) / १०
>>>>>>> फलटण

दोन्ही बरोबर आहेत. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात. मशिनवर ३.४६ आलं तर एक डेअरी ते ३.५ धरते, शेतकऱ्याला पूर्ण दर. दुसरी पुढचा आकडा सोडून ३.४ धरते, एका पॉइंटची कपात. हा त्यांच्या संचालक मंडळाचा निर्णय आहे, आमचा नाही. कॉन्फ्लिक्ट सोडवणाऱ्याने 'आपलं ते बरोबर' म्हणून एक बाजू निवडली असती तर एका गावाचा दर बदलला असता आणि आम्हाला ते बिलाच्या दिवशी कळलं असतं. मेनमध्ये आता 'फॅट-पद्धत' ही सेटिंग आहे. तिला डिफॉल्ट मुद्दाम ठेवलेलं नाही. सेटिंग नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही.

आठही ब्रँचेसमध्ये तेच तेच कॉन्फ्लिक्ट येणार हे दिसत होतं, म्हणून रीरीरी.एनेबल्ड ट्रू केलं. गिट एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तसाच सोडवतं. पण वरची फॅटची ओळही त्याने लक्षात ठेवली असणार. तेवढ्या फाइलवर गिट रीरीरी फर्गेट केलं, तिथे प्रत्येक वेळी माणसानेच बघावं.

१८ मार्च, मंगळवार

सांगोल्याचा सगळा फरक सेटिंगमध्ये उतरला. आता ब्रँच बंद कशी करायची? कोड मेनमध्ये नव्याने लिहिलाय, त्यामुळे मर्ज करायला काही नाही. तरी मर्जची नोंद हवी:

गिट मर्ज -एस अवर्स सांगोला

याने मेनमधला मजकूर अक्षरशः तसाच राहतो, पण वंशावळीत सांगोला आत आली असं लिहिलं जातं. फायदा असा की कुणाच्या लॅपटॉपवर सांगोल्याची जुनी प्रत असेल आणि त्याने ती चुकून मर्ज केली, तर गिट 'आधीच आलंय' म्हणून सोडून देतं. तोटाही तोच. सांगोल्यात एखादी दुरुस्ती नजरेतून सुटली असेल तर ती आता मर्जने कधीच येणार नाही, चेरी-पिकच करावी लागेल. म्हणून फरकाची प्रत्येक ओळ दोघांनी वाचल्याशिवाय ही कमांड द्यायची नाही.

-एस अवर्स आणि -एक्स अवर्स यांत गल्लत करू नका. दुसऱ्यात फक्त भांडणाच्या जागी आपली बाजू घेतली जाते, बाकी समोरचं सगळं आत येतं.

१९ मार्च, बुधवार

ब्रँच पुसायला निघालो आणि थांबलो. डेअरीतल्या संगणकावरची अपडेटची स्क्रिप्ट रोज पहाटे स्वतःच्या ब्रँचवरून पुल करते, म्हणजे ताजा कोड ओढते. ब्रँच गेली की अपडेट बंद, आणि आमच्यापर्यंत बातमी येईपर्यंत तीन बिलं जुन्या कोडवर निघालेली. आधी मशिन मेनवर न्यायचं, मग ब्रँच.

पहिल्याच डेअरीत रिमोटने बसलो आणि गिट स्विच मेन टाकलं तर अशी कमांडच नाही म्हणतं. स्विच आलं २.२३ मध्ये, ऑगस्ट २०१९ ला. तिथलं गिट त्याआधीचं. गिट चेकआउट मेन ने नेलं. तेही अडलं, मशिनवरचे बदल पुसले जातील म्हणून. बदल बघितले तर तिथल्या सचिवांनी दरपत्रकाचे आकडे नोटपॅडमध्ये थेट कोडच्या फाइलमध्ये सुधारलेले. फोनवर म्हणाले, "तुमची वाट कोण बघणार, दर रात्री बदलला होता." त्यांचं काही चुकलं नाही.

-एफ लावून दामटलं असतं तर चालू दर गेला असता. गिट डिफ फाइलमध्ये काढून घेतला, आकडे नव्या दरपत्रकाच्या फाइलमध्ये भरले, मग गिट स्टॅश (बदल बाजूला ठेवणं), मग चेकआउट. बहुतेक डेअऱ्यांत हाच प्रकार निघाला. एकेकीला तासभर धरा. सगळ्या प्रकल्पातला सर्वाधिक वेळ इथे गेला, गिटमध्ये नव्हे.

२१ मार्च, शुक्रवार

बिल. मेनवर नेलेल्या डेअऱ्यांची बिलं जुन्या कोडनेही काढून ताडून बघितली. जुना कोड वर्कट्रीमध्ये उभा केला: गिट वर्कट्री ॲड ../जुना सांगोला. दोन फोल्डर, दोन ब्रँचेस, एकच रिपो, अदलाबदलीची भानगड नाही. एका डेअरीत काही पैशांचा फरक आला. तो एसएनएफच्या गोलाईचा होता, तीही सेटिंग झाली.

२४ मार्च, सोमवार

सांगोला पुसली जात नाही. 'दुसरीकडे चेकआउट आहे.' शुक्रवारची वर्कट्री. ते फोल्डर मी हाताने उडवलं होतं आणि गिटच्या वहीत त्याची नोंद तशीच. गिट वर्कट्री प्रून, मग गेली. फोल्डर हाताने न उडवता गिट वर्कट्री रिमूव्ह करावं.

दुपारी ओरड: "एसएमएसचं काम तुम्ही उडवलंत." ब्रँच ६ मार्चच्या ३१ मधली, म्हणजे रीतसर मर्ज झालेली. पण मेनमध्ये तो कोड खरोखरच नाही. लॉग बघितल्यावर कळलं की मर्ज झालं होतं आणि दोन दिवसांनी कुणीतरी ते रिव्हर्ट केलं, म्हणजे उलटा कमिट टाकून मागे घेतलं होतं. वंशावळीत काम आहे, मजकुरात नाही, आणि --मर्ज्ड बरोबरच बोलत होतं. बिचाऱ्याने हॅशवरून ब्रँच परत उभी केली आणि मर्ज केली तर 'आधीच आलंय'. अशा वेळी ब्रँचचा उपयोग नसतो, रिव्हर्टच रिव्हर्ट करायचं. ते केलं आणि एसएमएस जागेवर आला. डिस्कवरच्या मिररची गरज पडली नाही.

३१ तल्या बाकीच्यांसाठी गिट लॉग मेन --ग्रेप=रिव्हर्ट चाळलं. आणखी एक सापडली, ती मुद्दामच मागे घेतलेली होती.

२७ मार्च, गुरुवार

प्री-पुश हुक, म्हणजे पुशच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावला. नाव नियमात नसेल तर पुश अडतो आणि कारण मराठीत छापतो. हुक क्लोनबरोबर येत नाही, म्हणून रिपोत 'हुक्स' फोल्डर ठेवून कोअर.हुक्सपाथ तिकडे वळवलं. तेही प्रत्येकाने एकदा करावं लागतं. नव्या माणसाच्या पहिल्या दिवसाच्या यादीत ते टाकलं आहे. पुल रिक्वेस्ट मर्ज झाली की ब्रँच आपोआप पुसण्याची सोयही सर्व्हरवर चालू केली.

डेअऱ्यांच्या एकोणीसांपैकी सतरा गेल्या. इंदापूरचा संगणक अजून जुन्या डॉट मॅट्रिक्सवर छापतो. त्याची पानाची मांडणी मेनमध्ये आणायची आहे, ते १ एप्रिलचं बिल निघाल्यावर. माळशिरसच्या मशिनला इंटरनेट नाही, तिथे पेनड्राइव्ह घेऊन प्रत्यक्ष जावं लागेल. त्यांनी सांगितलंय, संकलन आटोपल्यावर, दहानंतर या.